गवंड्याचा ओळंबा आणि आतला दगड : फ्रीमेसनरीच्या आध्यात्मिक बाजूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील गवंडी होते. सातारा शहरात आणि आसपासच्या गावांत त्यांनी बांधलेल्या भिंतींपैकी काही अजून उभ्या आहेत. त्यांचा पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं दोरीला बांधलेलं वजन, आमच्या देवघराच्या कोनाड्यात असतो. मी स्वतः बांधकामाच्या नकाशांवर नोकरी काढली. पुण्याच्या एका स्नेह्यामुळे फ्रीमेसन झालो त्याला बरीच वर्षं लोटली, आणि आजही महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला सभेला जातो. गावात हे कळल्यावर लोक विचारू लागले, कुणी दबक्या आवाजात, कुणी काळजीनं, कुणी खऱ्या जिज्ञासेनं. तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा येऊ लागले, म्हणून उत्तरं लिहून काढली. ओळखीच्या खुणा आणि परवलीचे शब्द सांगणार नाही, तसं वचन दिलेलं आहे. बाकी जे जगभर छापून आलंय आणि मला जे उमजलं, ते मोकळेपणानं लिहितो. हे आकलन माझं आहे, संस्थेच्या वतीनं मी बोलत नाही.

फ्रीमेसनरी म्हणजे काय, थोडक्यात सांगा.

दगडी इमारती बांधणाऱ्या कारागिरांची हत्यारं आणि रीतीभाती घेऊन माणसानं स्वतःला कसं घडवावं हे शिकवणारी ही बंधुसंस्था आहे. सभासद ठरल्या दिवशी जमतात, पाठ केलेल्या संवादांतून विधी करतात, एकत्र जेवतात, दानधर्म करतात. त्यांच्या गटाला लॉज म्हणतात. आपल्याकडे लॉज म्हटलं की मुक्कामाची खोली आठवते. मुळात मात्र बांधकामाच्या शेजारी कारागिरांनी उभारलेली छपरी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

हा एखादा पंथ किंवा धर्म आहे का?

नाही. इथं पुजारी नाही, मोक्षाचं आश्वासन नाही, मेल्यावर काय होतं याची शिकवण नाही. प्रवेशाआधी परमेश्वरावर श्रद्धा आहे का, हे मात्र विचारतात. कोणता परमेश्वर हे विचारत नाहीत. आत आल्यावर धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला सक्त मनाई असते.

मग अध्यात्म आहे कुठे? दगडविटांत कसलं अध्यात्म?

हा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण येता-जाता म्हणतो. फ्रीमेसनरीचा पहिला धडा हाच आहे, फक्त तिथं तो डोळ्यांसमोर ठेवतात. लॉजमध्ये दोन दगड असतात. एक खाणीतून काढलेला, खडबडीत, अनघड. दुसरा सगळ्या बाजूंनी काटकोनात आणलेला, घडीव. नव्या सभासदाला सांगतात की पहिला दगड म्हणजे तू.

वडील दगड निवडताना त्याच्यावर हातोडीनं हलकेच ठोकत आणि कान देऊन ऐकत. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द आवाज आला की म्हणायचे, ‘आत चीर हाय याच्या,’ आणि बाजूला सारायचे. पुढे लॉजमध्ये त्या अनघड दगडापुढे उभा राहिलो तेव्हा मला आधी तो आवाज आठवला. आपल्याला कुणी असं ठोकून पाहिलं तर कसा आवाज येईल, हा विचार त्या रात्री पुण्याहून परतताना खंबाटकी घाटापर्यंत डोक्यात होता. मला विचाराल तर अध्यात्माची सुरुवात इथं होते.

दगड घडवताना त्यात काही भरता येत नाही, फक्त काढता येतं. राग, फुशारकी, दुसऱ्याबद्दलची जळजळ, हे टवके. ते कुणी दुसरा काढून देत नाही. हातोडा आणि छिन्नी तुमच्याच हातात देतात.

आपल्या म्हणीत आणि या शिकवणीत एक फरक आहे, आणि तो कळायला मला फार वेळ लागला. म्हणीतला दगड मूर्ती होतो, गाभाऱ्यात बसतो, लोक त्याच्या पाया पडतात. लॉजमधला दगड भिंतीत बसतो. त्याच्या खाली दगड, वर दगड, दोन्ही अंगांना दगड. तो चांगला घडला की नाही हे त्याच्या शेजाऱ्याशी सांधा कसा जुळतो त्यावरून कळतं. साधना एकट्याची असली तरी तिची परीक्षा घरात, शेजारात आणि कामाच्या जागी होते, असा मी त्याचा अर्थ घेतो.

ओळंबा, गुण्या, कंपास यांचे गूढ अर्थ काय?

हत्यारं तीन पायऱ्यांवर वाटलेली आहेत. पहिल्या पायरीवरच्या शिकाऊला चोवीस इंची मोजपट्टी, हातोडा आणि छिन्नी मिळते. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास : काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडलेल्याच्या मदतीला. दुसऱ्या पायरीच्या कारागिराला गुण्या (काटकोन पाहायचं हत्यार), पाणसळ (सपाटी पाहायचं) आणि ओळंबा. तिसऱ्या पायरीच्या उस्तादाला सूत, पेन्सिल आणि कंपास. खालून वर जाताना काम कसं बदलतं पाहा. आधी तोडायचं, मग तपासायचं, आणि शेवटी नकाशा काढायचा.

ओळंब्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझ्या घरातला आहे. भिंत बांधणाऱ्याला ती सरळच दिसत असते. डोळा आपल्याच कामाला भुलतो. ओळंबा मात्र कुणाच्या कलानं घेत नाही, तो पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवून स्वस्थ लोंबत राहतो. वडील ओळंबा सोडल्यावर तो स्थिर होईपर्यंत अजिबात बोलत नसत. हलणाऱ्या ओळंब्यावर भिंत तपासता येत नाही. ध्यान म्हणजे काय हे मला पुस्तकांनी सांगितलं त्याच्या कितीतरी आधी मी ते परांचीवर उभ्या असलेल्या वडिलांकडे बघून पाहिलं होतं.

गुण्या आणि कंपास एकमेकांवर ठेवलेले असतात, ती खूण बहुतेकांनी पाहिलेली असते. गुण्यानं सपाट आणि काटकोनी गोष्टी जोखतात, म्हणून तो जमिनीचा, देहाचा. कंपासनं वर्तुळ काढतात, म्हणून तो आकाशाचा, आत्म्याचा. पहिल्या पायरीवर कंपासची दोन्ही टोकं गुण्याखाली झाकलेली असतात, दुसरीवर एक टोक वर येतं, तिसरीवर दोन्ही. देहाखाली दबलेलं चैतन्य हळूहळू मोकळं होतंय, असा याचा अर्थ अनेक अभ्यासकांनी लावलाय आणि मला तो मनापासून पटतो. पण लॉजमध्ये हा अर्थ कुणी तुमच्यावर लादत नाही. शेजारी बसलेला सभासद त्यात केवळ ‘मर्यादेत राहा’ एवढाच उपदेश पाहत असेल, तर तोही बरोबर आहे.

प्रवेशाच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोर घालतात हे खरं का?

खरं आहे, आणि ते कितीतरी ठिकाणी छापलेलं आहे. अंगावरचं सोनंनाणं, खिशातले पैसे, धातूची प्रत्येक वस्तू आधी काढून ठेवतात. मग पट्टी बांधून, हाताला धरून लॉजभोवती फिरवतात, आणि ते फिरणं सूर्याच्या दिशेनं असतं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. लॉज पूर्व-पश्चिम मांडलेलं असतं. प्रमुख पूर्वेला बसतो, कारण उजेड तिकडून येतो. पश्चिमेला आणि दक्षिणेला एकेक अधिकारी. उत्तर अंधाराची मानतात. ठरल्या क्षणी पट्टी सोडतात, आणि अंधारात बराच वेळ घालवलेल्या डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो तो समोरचा धर्मग्रंथ. मी गीता मागितली होती.

त्यानंतर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला लॉजच्या ईशान्य कोपऱ्यात उभं केलं. मोठ्या इमारतीचा पहिला दगड ईशान्येला बसवतात, म्हणून नव्या माणसाला तिथं उभं करायची रीत आहे. मी गवंड्याचा मुलगा. वडिलांबरोबर किती भूमिपूजनांना गेलो असेन, प्रत्येक वेळी कुदळ ईशान्येला पडायची. लंडनहून आलेली ही रीत आणि आपलं वास्तुशास्त्र यांचं नातं आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण त्या कोपऱ्यात पाय टेकले तेव्हा अंगावर काटा आला, कारण या वेळी पायाभरणीचा दगड मी होतो.

तिथं उभं असताना गरिबांसाठी काहीतरी दे म्हणून सांगतात. हात खिशाकडे जातो, आणि लक्षात येतं की आपल्याकडे दमडी नाही, सगळं बाहेर काढून ठेवलंय. कुणी हसत नाही. एवढंच सांगतात की पुढे कुणी रिकाम्या हातानं तुझ्या दारी आला तर ही घडी आठव.

तिसऱ्या पायरीत मरणाचं नाटक करतात म्हणे. कशासाठी?

त्यामागं एक कथा आहे. राजा सॉलोमनचं यरुशलेमचं मंदिर बांधणारा मुख्य स्थपती हिराम अबिफ. त्याच्याकडचं उस्तादांचं गुपित तीन कारागिरांनी जबरदस्तीनं मागितलं, त्यानं दिलं नाही, त्यांनी त्याला ठार केलं. बायबलमध्ये हिराम नावाचा कारागीर आहे, पण हा खून त्यात नाही. तो फ्रीमेसनांच्या परंपरेतला भाग आहे. विधीत उमेदवार हिरामच्या जागी असतो. पुढचं सविस्तर सांगत नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ज्याला हे अनुभवायचं असेल त्याचा क्षण आधीच खर्च होऊ नये म्हणून.

अर्थ मात्र सांगतो. मरण टळत नाही. मग ते आधीच एकदा समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत बघून जगायला लागावं. सज्जनगडावर समाधीपुढे बसलं की काही माणसांना जे जाणवतं, ते या विधीत अंगावरून जातं. जुना ‘मी’ पडतो आणि दुसऱ्यांच्या हातानं उठवला जातो. माझ्या दृष्टीनं फ्रीमेसनरीचं गूढ जर कुठे असेल तर ते इथं आहे. खुणा आणि परवलीचे शब्द हे त्याचं दार आहे, त्यापेक्षा जास्त काही नाही.

‘हरवलेला शब्द’ म्हणजे काय? तो ओंकार आहे का?

हिराम मेला आणि त्याच्याबरोबर उस्तादांचा खरा शब्द गेला, अशी कथा आहे. तो सापडेपर्यंत एक बदली शब्द वापरायचा. ओंकारप्रेमी मंडळी मला लगेच विचारतात, आणि मी दरवेळी सांगतो की घाई करू नका. कथेची ताकद शब्द हरवलेला राहण्यात आहे. आपल्यापाशी असलेलं ज्ञान बदली आहे, खरं अजून शोधायचं आहे, ही नम्रता त्यात आहे. ज्याला वाटतं आपल्याला शब्द सापडला, त्याचा दगड घडायचा थांबतो.

किमया (शिशाचं सोनं करायची विद्या), कबाला (ज्यूंची गूढविद्या), ज्योतिष, तंत्र यांचा फ्रीमेसनरीशी संबंध आहे का?

आहे, पण लोक समजतात तसा नाही. इतिहास थोडा नीट पाहू.

स्कॉटलंडच्या राजाचा बांधकामप्रमुख विल्यम शॉ यानं १५९८ आणि १५९९ साली गवंड्यांच्या लॉजसाठी नियम घालून दिले. १५९९ च्या नियमांत सभासदांची स्मरणकलेत परीक्षा घ्यावी असं आहे. स्मरणकला म्हणजे मनात एक इमारत उभी करून तिच्या खोल्याखोल्यांत आठवणी ठेवायची युरोपातली जुनी विद्या, आणि त्या काळी तिला गूढविद्येचा वासही होता. म्हणजे हाताला घट्टे पडलेल्या माणसांच्या संघटनेत ही विद्या चारशे वर्षांपूर्वीच शिरलेली होती. आजही लॉजमधले विधी पुस्तकात बघून करत नाहीत, तोंडपाठ म्हणतात. वाईच्या घाटावर वेदपाठ ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पाठ केलेलं वाक्य आत मुरतं, आणि एखाद्या अवघड दिवशी आपोआप वर येतं.

पुढे दगडाशी संबंध नसलेले लोकही येऊ लागले. एलियास अ‍ॅशमोल हा विद्वान १६ ऑक्टोबर १६४६ रोजी इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन इथं फ्रीमेसन झाला, तशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. त्याला किमया आणि ज्योतिषात गोडी होती. पण तो किमयागार होता म्हणून फ्रीमेसनरी किमया ठरत नाही. अठराव्या शतकात फ्रान्स आणि जर्मनीत मात्र खरोखरच गूढपंथी शाखा निघाल्या. काहींत किमयेची चिन्हं आली, काहींत ख्रिस्ती गूढवाद. युरोपातल्या काही परंपरांत प्रवेशाआधी उमेदवाराला कवटी, वाळूचं घड्याळ, मीठ आणि गंधक ठेवलेल्या छोट्या खोलीत एकटं बसवतात. मीठ आणि गंधक ही किमयागारांची चिन्हं. १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ ही जादूविद्येची संस्था काढणारे तिघेही फ्रीमेसन होते, पण ती संस्था वेगळी, लॉज वेगळं.

मला यातून काय वाटतं ते सांगतो. किमयागार शिशाचं सोनं करायला निघाला, गवंडी अनघडाचं घडीव करायला. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, म्हणून ते एकमेकांना भेटले. पण गवंड्याची भाषा जास्त प्रामाणिक आहे. दगड शेवटी दगडच राहतो, फक्त कामाचा होतो.

मूळ इजिप्तच्या पिरॅमिडांपर्यंत किंवा टेम्पलर सरदारांपर्यंत जातं ना?

पुरावा नाही. टेम्पलर हा क्रुसेडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धांत लढणाऱ्या सरदारांचा संघ १३१२ साली मोडला गेला, आणि लंडनच्या चार लॉजांनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था काढल्याची परंपरेतली तारीख २४ जून १७१७ आहे. मधल्या चारशे वर्षांत या दोघांना जोडणारा दुवा सापडत नाही. क्रुसेडच्या सरदारांशी नातं जोडण्याची कल्पना रॅमसे नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १७३६-३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये केलेल्या भाषणातून पसरली. कल्पना सुंदर आहे. पण कारागिराची परंपरा पुरेशी थोर आहे, तिला सरदारांचं घराणं लावायची गरज मला वाटत नाही.

फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात असं व्हिडिओत पाहिलं.

ही अफवा कुठून आली ते ठाऊक आहे. लिओ टॅक्सिल या टोपणनावाच्या फ्रेंच लेखकानं १८८५ पासून बारा वर्षं फ्रीमेसनांच्या सैतानपूजेच्या रसभरीत कथा छापल्या. लाखो लोकांनी विश्वास ठेवला. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत त्यानंच कबूल केलं की सगळं आपण रचलं होतं. आज फिरणाऱ्या अनेक व्हिडिओंत त्याचीच वाक्यं आहेत, फक्त पार्श्वसंगीत नवं. उत्तर हिंदुस्थानात लोक लॉजच्या इमारतीला जादूघर म्हणत, तेही बंद दारामागच्या भीतीतूनच.

इल्युमिनाटीत घेतो म्हणून मेसेज आलाय. पैसे भरू का?

एक पैसाही भरू नका. इल्युमिनाटी ही बव्हेरियात १ मे १७७६ रोजी अ‍ॅडम वाइसहाउप्ट या प्राध्यापकानं काढलेली संस्था होती, आणि १७८५ पर्यंत तिथल्या सरकारनं तिच्यावर बंदी घातली. आज त्या नावानं येणारे मेसेज फसवणुकीचे आहेत. मिरजेच्या एका पोरानं बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे यात घालवले. तो माझ्याकडे आला तेव्हा रडत होता, आणि त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही नव्हतं. खरा फ्रीमेसन मोबाइलवरून कुणाला ओढत नाही, आणि श्रीमंती देतो असं तर कधीच म्हणत नाही. असा मेसेज आला की पोलिसांच्या सायबर शाखेला कळवा.

‘विश्वाचा महान स्थपती’ म्हणजे आपला विश्वकर्मा का?

तुम्हाला तसं वाटत असेल तर हो. १७२३ साली जेम्स अँडरसन यांनी नियमांचं पुस्तक छापलं. सगळ्या माणसांना मान्य होईल असा धर्म पाळा, बाकीची मतं ज्याची त्याला ठेवा, असा त्याच्या पहिल्या कलमाचा आशय आहे. विश्वाचा महान स्थपती हे नाव म्हणूनच सोयीचं पडतं. कुणी त्यात विठ्ठल पाहतो, कुणी अल्ला, कुणी पारशांचा अहुरमज्द.

हे सहज घडलं असं मात्र समजू नका. मुंबईत माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या लॉजनं दाद दिली नाही. ते पॅरिसमध्ये जाऊन सभासद झाले. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं आणि भारतीय माणसांना दार उघडलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेशासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. हिंदू अनेक देव मानतात, मग एका परमेश्वरावर श्रद्धेची अट ते कशी पुरी करणार, हा आक्षेप होता. अखेर १८७२ साली त्यांना घेतलं. बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरात ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढे जगानं त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलं. देव एक की अनेक, या प्रश्नाचं उत्तर लॉजनं कधी दिलं नाही, पण प्रसन्नकुमारांसारख्यांनी ते दार मोठं करून घेतलं.

ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना २४ नोव्हेंबर १९६१ रोजी झाली. आपल्याकडच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिब असे ग्रंथ शेजारी शेजारी उघडे ठेवलेले दिसतात. ज्याला जो पवित्र, त्यावर हात ठेवून तो शपथ घेतो. फ्रान्सच्या ‘ग्रँड ओरिएंट’ या मध्यवर्ती संस्थेनं १८७७ साली परमेश्वरश्रद्धेची अटच काढून टाकली, तेव्हा इंग्लंडच्या परंपरेनं त्यांच्याशी संबंध तोडले. ती दुरी आजही आहे.

सिद्धी, कुंडलिनी, ध्यान असं काही शिकवतात का?

नाही.

तेहतिसावी डिग्री म्हणजे सगळ्यात वरची ना?

मूळ फ्रीमेसनरीत तीनच पायऱ्या, आणि तिसरीच्या वर पायरी नाही. तेहतीस आकडा ‘स्कॉटिश राइट’ या जोड शाखेचा आहे. तिची पहिली सर्वोच्च परिषद १८०१ साली अमेरिकेत चार्ल्स्टन इथं भरली. तिथं वाचायला, विचार करायला पुष्कळ आहे, पण त्यानं कुणी जास्तीचा उस्ताद होत नाही.

चांगलंच असेल तर लपवता कशाला?

गुरूनं दिलेला मंत्र आपण चारचौघांत सांगत नाही. मंत्र वाईट असतो म्हणून नव्हे, बोलून बोलून तो सपाट होतो म्हणून. मध्ययुगात कारागिराला गुपित जपण्याचं व्यावहारिक कारणही होतं. परगावी कामाला गेल्यावर तो खरा शिकलेला गडी आहे की नाही हे खुणेवरून कळायचं. आज तेच गुपित शब्द पाळण्याचा रियाज म्हणून उरलंय. जो माणूस एक निरुपद्रवी हस्तांदोलन गुप्त ठेवू शकत नाही, त्याला मित्राचं दुःख सांगावं का? माझी बायको मात्र मला पहिल्या वर्षी म्हणाली होती, ‘तुम्ही तिथं काय करता ते सांगू नका, पण तिथून आल्यावर घरात कसे वागता ते मी बघते.’ त्यापेक्षा कडक परीक्षा मी दिलेली नाही.

स्त्रियांना प्रवेश का नाही?

ग्रँड लॉज ऑफ इंडियात नाही, पुरुषांनाच आहे. ‘ल ड्रुआ ह्युमें’ ही स्त्री-पुरुष दोघांची संस्था पॅरिसमध्ये १८९३ साली मारिया देरेम आणि जॉर्ज मार्टिन यांनी काढली. अ‍ॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्या सभासद झाल्या आणि त्यांनी ती भारतात आणली. थिऑसॉफी या गूढविचाराच्या चळवळीतल्या लोकांनी तिच्यात बराच गूढ अर्थ भरला.

माझं मत विचारलंत तर मला हे खुपतं. माझी आई वडिलांच्या बरोबरीनं कामावर चुन्याच्या पाट्या वाहायची. ज्या भिंतींतून ही सगळी प्रतीकं आली, त्या बायामाणसांनी मिळून उभ्या केल्या आहेत. हे मी लॉजमध्येही बोललो आहे.

पाणसळ म्हणजे समता, मग गवंड्याच्या, पाथरवटाच्या पोराला तिथं जागा आहे का?

नियमानं आहे. इतिहासात फारशी नव्हती. इंग्रजी अमलात लॉजमध्ये लष्करी अधिकारी, संस्थानिक, वकील, व्यापारी असत. ज्यांची हत्यारं टेबलावर मांडली होती ते बाहेर उन्हात दगड फोडत होते. मी गेलो तेव्हाही खऱ्या ओळंब्याला हात लावलेलं तिथं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी वडिलांचा ओळंबा घेऊन गेलो. जेवणाआधी तो हातोहात फिरला. निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, कारखानदार, एकेकानं दोरी धरून तो स्थिर होण्याची वाट पाहिली. दोरीला लागलेला जुना चुना त्यांच्या बोटांना लागला. कुणीच तो लगेच पुसला नाही.

मी माळकरी आहे. काही अडचण?

तुमच्या माळेला तिथं कुणी हरकत घेणार नाही. वारी सोडायला कुणी सांगणार नाही. एकादशीच्या दिवशी सभा आली तर जेवणापुरतं आधी कळवा. कॅथलिक बांधवांची गोष्ट निराळी आहे. पोप बारावे क्लेमंट यांनी १७३८ साली बंदी घातली आणि १९८३ मध्ये व्हॅटिकननं तीच भूमिका पुन्हा सांगितली. अशा मित्राला मी कधीच आग्रह करत नाही.

सभासद व्हायचं तर काय करायचं?

ओळखीच्या सभासदाला स्वतःहून विचारायचं. तो लगेच हो म्हणणार नाही, आणि तेच योग्य. मग भेटीगाठी, चौकशी, मतदान. वर्गणी भरावी लागते, जाण्यायेण्याचा खर्च असतो. घर चालवून उरेल त्यातूनच हे करायचं, असं विधीतच बजावलेलं आहे. नोकरी, धंदा, ओळखी यांच्या आशेनं येणार असाल तर कृपा करून येऊ नका.

तुम्ही लोकांना लिंबच्या विहिरीवर का नेता?

सातारा सोडून पुण्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर लिंब गाव लागतं. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधून घेतली. जरा तारखा जुळवून पाहा. लंडनमधले फ्रीमेसन १७२३ मध्ये आपल्या नियमांचं पुस्तक छापत होते, त्याच दिवसांत आपले पाथरवट लिंबच्या पांढरीत उतरून खरे दगड घडवत होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. विहीर अष्टकोनी आहे, आतल्या भिंतीचे सांधे आजही जुळलेले आहेत. ज्याला विचारायचं असेल त्यानं रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत तिथं यावं. पायऱ्या उतरताना डावा हात भिंतीवर ठेवून सांधे चाचपत या. ओळंबा मी घेऊन येतो.